सिएटल १९८९ आणि तुझे २६० कट

प्रश्न असा आला होता: "दादा, मित्रांचा थ्रॅश मेटल बँड आहे. पुण्यातल्या एका छोट्या हॉलमधला त्यांचा कार्यक्रम आम्ही चार कॅमेऱ्यांवर शूट केला. मेटालिका या अमेरिकन बँडची सिएटल १९८९ची फिल्म डोळ्यांसमोर ठेवून एडिट केलं, ठोक्याठोक्यावर कट मारले. तरी बँड ढिला वाजवतोय असं वाटतं. त्या दिवशी तर ते जबरदस्त वाजले होते. आवाजही पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा आहे. कुठे चुकलं? आणि या मोठ्या फिल्म्समध्ये खरंच सगळं लाइव्ह असतं का?"

दादा म्हणालास, म्हणून एकेरीतच लिहितो. तू पाठवलेलं गाणं मी तीनदा पाहिलं. एकदा आवाज बंद करून, एकदा डोळे मिटून, आणि तिसऱ्यांदा एकेक फ्रेम पुढे सरकवत. डोळे मिटून ऐकलं तेव्हा बँड चोख वाजत होता. चित्र बघितलं की ढिला. फ्रेम मोजल्यावर कारण सापडलं: तुझा मागचा कॅमेरा जवळजवळ दोन फ्रेम पुढे पळतोय. बाकी चुका आहेतच, पण त्या खपून गेल्या असत्या.

तो कॅमेरा हॉलच्या मागच्या भिंतीपाशी, साउंडवाल्याच्या टेबलाशेजारी आहे. स्टेजपासून अंदाजे पंचवीस मीटर. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे स्नेअर ड्रमचा फटका त्या कॅमेऱ्याच्या माइकपर्यंत पोचायला ७३ मिलिसेकंद घेतो. उजेडाला वेळ लागतच नाही म्हण. आता तू केलंस काय, तर चारही कॅमेऱ्यांच्या क्लिप आवाजावरून जुळवायचं काम सॉफ्टवेअरवर सोपवलंस. सॉफ्टवेअरनं इमानेइतबारे तो उशिरा पोचलेला आवाज मिक्सरच्या आवाजाशी जुळवला, म्हणजे अख्खी क्लिप ७३ मिलिसेकंद अलीकडे ओढली. आवाज जागेवर आला. चित्र आधीपासून जागेवरच होतं, ते आता लवकर आलं. सेकंदाला २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. म्हणजे चूक पावणेदोन फ्रेमच्या वर.

एवढ्यानं काय होतं? ख्यालाच्या मैफलीत काही होत नाही. मी वीसेक वर्षं मल्टिकॅम एडिटिंग करतोय, त्यातली निम्मी शास्त्रीय गाण्याच्या मैफलींची. विलंबितात दोन फ्रेम इकडेतिकडे झाल्या तर बुवांनाही कळत नाही आणि रसिकांनाही नाही. थ्रॅशचं, म्हणजे अतिवेगवान मेटलचं, गणित वेगळं आहे. मेटालिकाचं 'मास्टर ऑफ पपेट्स' घे. अल्बमवर ते मिनिटाला २१०च्या आसपास ठोक्यांनी चालतं. एक ठोका म्हणजे २८६ मिलिसेकंद, साधारण सात फ्रेम. प्रत्येक ठोक्यात गिटारचे दोन स्ट्रोक, म्हणजे एका स्ट्रोकच्या वाट्याला साडेतीन फ्रेम. त्यांचा गायक-गिटारवाला जेम्स हेटफिल्ड, त्याची ख्याती अशी की असे स्ट्रोक तो सगळेच्या सगळे खाली मारतो; हात वर नेताना तार छेडत नाही. सेकंदाला सात वेळा हात खाली, सात वेळा रिकामा वर. आता साडेतीनचं निम्मं कर. पावणेदोन. तुझं चित्र नेमकं तेवढंच पुढे आहे. म्हणजे कानाला 'डग्' ऐकू येतं तेव्हा डोळ्याला हात वर जाताना दिसतो. तुझ्या मित्रांचं गाणं मोजलं, तेही याच वेगात आहे. बघणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येणार नाही, तो फक्त "टाइट वाटत नाही यार" म्हणेल आणि दोष गिटारवाल्याच्या माथी जाईल.

उपाय सोपा आहे. त्या क्लिपचं चित्र आणि आवाज वेगळे कर. आवाज सॉफ्टवेअरनं ठेवला तिथेच राहू दे (तो पुढे उपयोगी पडणार आहे), चित्र टाइमलाइनवर दोन फ्रेम उजवीकडे ढकल, म्हणजे तेवढं उशिरा येईल. मग ड्रमरची काठी स्नेअरच्या कातड्याला टेकते ती फ्रेम शोध आणि खालच्या आवाजाच्या आलेखातला उंच सुळका तिथेच आहे का ते बघ. मागच्या कॅमेऱ्याचं सिंक मी कधीच यंत्रावर सोडत नाही. डोळ्यांनी करतो.

हे मला कुणी शिकवलं नाही. ३० ऑक्टोबर २०११ला मेटालिका बंगळूरला पॅलेस ग्राउंड्सवर वाजली. त्याच्या दोन दिवस आधीचा गुडगावचा कार्यक्रम रद्द झाला होता, त्यामुळे बंगळूरचं तरी होतंय की नाही अशी धाकधूक सगळ्यांनाच होती. मी बराच मागे उभा होतो. गाण्याच्या मधोमध लक्षात आलं की ड्रमर लार्स उलरिखची काठी खाली येते, आणि ठोका त्यानंतर ऐकू येतो. अगदी थोडं, पण नंतर. धोबीघाटावर लांबून बघताना कपडा दगडावर आपटलेला आधी दिसतो आणि आवाज मागून येतो, तसं. एडिटर माणूस, पुढची दोन गाणी मी संगीत ऐकलंच नाही, फ्रेम मोजत राहिलो. मित्र अजून चिडवतात.

आता सिएटल. तू ती फिल्म समोर ठेवलीस हे उत्तम केलंस, पण तिच्यातून नको ती गोष्ट उचललीस. २९ आणि ३० ऑगस्ट १९८९, सिएटल कॉलिझियम. 'अँड जस्टिस फॉर ऑल' या १९८८च्या अल्बमचा दौरा चालू होता. ही फिल्म लोकांपर्यंत आली चार वर्षांनी, नोव्हेंबर १९९३मध्ये, 'लाइव्ह शिट: बिंज अँड पर्ज' या पेटीतून. पेटीच म्हणायची, कारण बँडचं सामान ज्या ट्रंकांतून फिरतं तशा दिसणाऱ्या खोक्यात मेक्सिको सिटीचा कार्यक्रम सीडीवर, आणि सिएटल व १९९२चा सॅन डिएगोचा कार्यक्रम व्हीएचएसवर असं सगळं कोंबलेलं होतं. आमच्या हाती आली ती अर्थातच कॉपीची कॉपी. रंग उडालेले, कडेला पट्टे. आईनं कॅसेटवरचं नाव वाचू नये म्हणून मी त्यावर 'भूगोल' असं लिहून ठेवलं होतं.

त्या उडालेल्या कॉपीतसुद्धा एक गोष्ट लख्ख दिसायची: हात. हेटफिल्डचा उजवा हात, मनगट जवळजवळ ताठ, आणि तारांवर पडणारी ती न थांबणारी कुऱ्हाड. बास गिटारवाला जेसन न्यूस्टेड टेबलफॅनसारखं डोकं फिरवतोय आणि तरी बोटं चुकत नाहीत. लार्स तोंड वासून, जीभ काढून ड्रमच्या मागून अर्धा उठलेला. हे सगळं दिसलं, कारण कुणीतरी ते दिसेपर्यंत शॉट धरून ठेवला.

तुझ्या सात मिनिटांच्या गाण्यात मी २६० कट मोजले. सरासरी दीड सेकंदाला एक. डोळ्याला नवं चित्र ओळखायलाच थोडा वेळ लागतो: हा कोण, कुठे उभा आहे, काय करतोय. ते कळेपर्यंत तू पुढच्या चित्रावर. सेकंदाला सात स्ट्रोक मारणारा हात आधीच बेफाम आहे. त्याच्यावर आणखी वेग चढवायला गेलास की दोन्ही वेग एकमेकांना खातात. एकदा करून बघ. मुख्य रिफ, म्हणजे गिटारची पुन्हा पुन्हा येणारी ओळ, सुरू होते तिथे गिटारवाल्याच्या उजव्या हाताचा शॉट आठ सेकंद धर. एकही कट नको. सहाव्या सेकंदाला बघणाऱ्याच्या लक्षात येतं की हा माणूस अजून थांबलेला नाही, आणि मनगट दुखायला लागतं ते बघणाऱ्याचं.

कट कुठे मारायचा मग? आपल्याकडे मैफल शूट करताना तिहाई येतेय असं दिसलं की कॅमेरा तबलजीच्या हातावर थांबवायचा आणि समेवर गायकाच्या चेहऱ्यावर जायचं, हे पहिल्याच वर्षी शिकवतात. रिफलाही तसंच आवर्तन असतं. चार मापांचं, आठ मापांचं (माप म्हणजे ठोक्यांचा एक गट, बहुतेकदा चारांचा). ते पुरं होतं तिथे कट. ठोक्यावर नाही, आवर्तनावर. आणि इथे सॉफ्टवेअरच्या ठोके शोधणाऱ्या बटणावर विसंबू नकोस. 'मास्टर ऑफ पपेट्स'च्या कडव्याची रिफ ऐक: तीन मापं सरळ चार-चारची आणि चौथं मध्येच तुटतं, अडखळल्यासारखं, आणि रिफ पुन्हा पहिल्यापासून. समान अंतरावर खुणा टाकणारं यंत्र त्या तुटक्या मापाला घसरतं आणि तिथून पुढे सगळे कट चुकीच्या जागी पडतात. तुझ्या मित्रांनीही दुसऱ्या रिफमध्ये असाच एक ठोका खाल्लाय. मुद्दाम खाल्लाय, छान खाल्लाय, आणि तू नेमका त्याच्यावरून कट मारून गेलास. गाणं बोटांवर मोजून पाठ कर, मग एडिटला बस.

जलद कट कधीच नकोत असंही नाही. ढोल-ताशाच्या पथकाचं शूट केलं असशील तर आठवेल. ताशाची तर्री चालू असते तोवर कॅमेरा ताशावाल्याच्या काड्यांवर ठेवायचा, आणि मग सगळे ढोल एकदम पडतात तिथे धडाधड तीन-चार कट: टिपरू, ध्वज, घामेजलेला चेहरा, वरून रस्ता. ते शोभतं, कारण आधी थांबलेला असतोस. 'वन' या गाण्यात दोन्ही पायांनी वाजवायचा, मशिनगनसारखा डबल बास ड्रम येतो, तिथे हेच चालेल. त्याआधीची चार मिनिटं शांत ठेवलीस तरच.

सिएटलच्या त्या दौऱ्यात स्टेजवर न्यायदेवतेचा मोठा पुतळा असायचा. बँड त्याला डोरिस म्हणायचा. 'अँड जस्टिस फॉर ऑल' गाण्याच्या शेवटी तो कोसळायचा. दहा मिनिटांच्या घरात जाणारं गाणं, आणि त्याचं सगळं फळ शेवटच्या काही सेकंदांत. तिथे क्लोजअपमध्ये अडकलेला एडिटर आयुष्यभर हळहळतो. तुझ्या मित्रांकडे पुतळा नाही, पण गाण्याच्या शेवटी गायक उडी मारून प्रेक्षकांत जातो, आणि तू तेव्हा कुणाला दाखवलंस? बास गिटारवाल्याच्या पेडलला.

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात. शटर तू १/५० सेकंद ठेवलं होतंस, हात धुरकट दिसतोय त्यावरून कळतं. वीस मिलिसेकंद शटर उघडं राहिलं तर या वेगात हाताचा पंखा होतो. पुढच्या वेळी १/१०० ठेव. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हॉलच्या साध्या दिव्यांचा लुकलुकाट १/१०० वरही येत नाही, आणि हात सुटा दिसतो. उजेड निम्मा होईल, तेवढं आयएसओ (कॅमेऱ्याची संवेदनशीलता) वाढव, थोडे दाणे दिसले तर दिसू देत. थ्रॅशच्या फिल्मला गुळगुळीतपणा तसाही मानवत नाही. स्वस्त एलईडी स्टेजदिवे मात्र मंद केल्यावर काळे आडवे पट्टे टाकतात, त्यावर शटर बदलून फारसं निभत नाही. लाइटवाल्याला आधीच हात जोडून सांग की निळा आणि जांभळा पूर्ण भरून टाकू नकोस, चेहऱ्यावर थोडा पांढरा ठेव. एक्स्पोजर ऑटोवर नको. ऑटोवर असलं की स्ट्रोब पेटताच कॅमेरा घाबरून डोळे मिटतो आणि स्ट्रोब विझल्यावर अंधारात चाचपडत राहतो. फटाका फुटला तर चित्र पांढरं होऊ दे. स्टेजवर असतो तर तेच दिसलं असतं.

रिफ चालू असताना उजवा हात, सोलो चालू असताना डावा. एवढा एक नियम तुझ्या कॅमेरावाल्यांना पाठ करायला लाव. मेटालिकाचा सोलो गिटारवाला किर्क हॅमेट, त्याचा सोलो आणि उजव्या हाताचा क्लोजअप, यात काही अर्थ नाही. सगळी गंमत गिटारच्या दांड्यावर, आणि वा-वा पेडलवरच्या पायात.

आता पत्र्याचा डबा. साउंडवाल्याच्या मिक्सरमधून तू दोन ट्रॅकचा सरळ आउटपुट घेतलास. ही चूक मीही केलीय, आणि तुझ्यापेक्षा महागात. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका कॉलेजच्या महोत्सवात बँडची स्पर्धा होती. मिक्सरमधून दोन केबल घेतल्या, हेडफोनमध्ये गायकाचा आवाज खणखणीत, मी निश्चिंत. घरी येऊन बघतो तर गायक आणि किक ड्रम (पायानं वाजवायचा मोठा ड्रम) डोंगराएवढे, आणि गिटार म्हणजे कानाशी डास. आयोजकांनी उरलेले पैसे दिले नाहीत, आणि चूक माझीच असल्यामुळे मलाही भांडता येईना.

कारण असं: छोट्या हॉलमध्ये गिटारचे अँपच एवढे मोठ्यानं वाजत असतात की साउंडवाला गिटार स्पीकरवर जवळजवळ घालतच नाही. कशाला घालेल? समोरच्याला ती स्टेजवरून थेट ऐकू येतेच आहे. त्यानं मिक्स केलेलं असतं ते हॉलमध्ये जे कमी पडतंय तेवढंच. तो दोन ट्रॅकचा आउटपुट म्हणजे भाजीत वरून घालायचं मीठ-मसाला. भाजी हॉलमध्येच राहिली.

आणि म्हणून मघाशी म्हटलं, मागच्या कॅमेऱ्याचा आवाज फेकू नकोस. भाजी त्यात आहे. सॉफ्टवेअरनं तो ७३ मिलिसेकंद अलीकडे आणून मिक्सरच्या आवाजाशी जुळवलेलाच आहे. मिक्सरचा ट्रॅक खाली घे, हा वर आण, त्यातला खालचा गडगडाट १०० हर्ट्झच्या खाली कापून टाक आणि किकची ताकद मिक्सरच्या ट्रॅकवरून घे. उत्तम होणार नाही, पण डबा जाईल.

पुढच्या वेळी मल्टिट्रॅक, म्हणजे प्रत्येक माइकचा वेगळा ट्रॅक. हल्ली बेहरिंगर एक्स३२सारखे डिजिटल मिक्सर छोट्या साउंडवाल्यांकडेही असतात, आणि त्यातून एका यूएसबी केबलवर ३२ ट्रॅक लॅपटॉपवर उतरतात. वेगळे पैसे लागत नाहीत, आधी विचारावं लागतं. दोन्ही गिटार अँपच्या जाळीला टेकवून एकेक शुअर एसएम५७ माइक लाव, साउंडवाल्याला ते हॉलमध्ये वाजवायचे नसले तरी. ट्रॅक तुला हवाय. स्टेजच्या दोन कडांना प्रेक्षकांकडे तोंड करून दोन माइक, म्हणजे आरडाओरडा मिळेल. तो नसेल तर कितीही छान मिक्स केलंस तरी तालमीच्या खोलीतलं रेकॉर्डिंग वाटतं. किक ड्रममध्ये तीन ते पाच किलोहर्ट्झच्या आसपास थोडं वाढव. तिथे पायाचा 'टक्' असतो. या वेगात नुसता 'धम्म' ठेवलास तर डबल बासचे सगळे ठोके एकमेकांत मिसळून चिखल होतो. टक् असेल तर एकेक मोजता येतो.

बास गिटारचं सांगतो, कारण सिएटलची फिल्म मला याचसाठी प्रिय आहे. मेटालिकाचा आधीचा बासवाला क्लिफ बर्टन सप्टेंबर १९८६मध्ये स्वीडनमध्ये बसच्या अपघातात गेला, त्याच्या जागी न्यूस्टेड आला. 'अँड जस्टिस फॉर ऑल' हा त्याचा बँडबरोबरचा पहिला पूर्ण अल्बम, आणि त्यात बास शोधावा लागतो. इतका खाली की नसल्यासारखाच. मेटलवाल्यांत यावर अजून भांडणं होतात, आणि २०१८मध्ये अल्बम नव्यानं रीमास्टर होऊन आला तेव्हाही बास वर आणला नाही. सिएटलमध्ये मात्र तो आहे. 'ब्लॅकन्ड' सुरू होतं आणि अल्बमवर कोरडी, हाडं मोजता येतील अशी वाटणारी तीच गाणी एकदम अंगानं भरतात. ज्यांनी आधी नुसता अल्बम ऐकलाय त्यांना ही फिल्म म्हणजे त्याच गाण्यांचा राहून गेलेला अर्धा भाग.

आता, हे खरंच लाइव्ह असतं का. सगळ्याच मोठ्या फिल्म्समध्ये थोडीफार शिवणटिपण होते, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. सगळ्यात सोपी शिवण म्हणजे दोन रात्री शूट करायच्या. सिएटलच्या दोन होत्या. पहिल्या रात्री तार तुटली तर दुसऱ्या रात्रीचं चित्र. फक्त दोन्ही रात्री कपडे आणि गिटार तीच हवी, आणि घामाचाही हिशेब ठेवावा लागतो. तिसऱ्या गाण्यात भिजलेला शर्ट चौथ्यात कोरडा दिसला की गेलं. त्यापुढची शिवण स्टुडिओतली: बेसूर ओळ पुन्हा गाऊन घ्यायची. ते करायचं तर ओठांचा क्लोजअप टाळावा लागतो. कुठल्याही बँडच्या फिल्ममध्ये गायक ऐन उंच सुराला पाठमोरा दिसायला लागला की मी गालात हसतो.

काही वेळा शिवायला वावच नसतो. २२ जून २०१०ला बल्गेरियात सोफियाच्या वासिल लेव्स्की स्टेडियमवर अँथ्रॅक्स, मेगाडेथ, स्लेअर आणि मेटालिका हे चार थ्रॅश बँड एकाच दिवशी वाजले, आणि तो कार्यक्रम त्याच दिवशी सॅटेलाइटवरून अनेक देशांतल्या थिएटरांत दाखवला गेला. अशा कामात दिग्दर्शक पडद्यांच्या भिंतीसमोर बसून हेडसेटवर "तीन तयार, तीन घे" असं ओरडत जागच्या जागी कट करतो. गाणं पाठ नसेल तर सोलो संपल्यावर सोलोवाल्यावर पोचतो. त्यात पाऊस. शेवटी 'अ‍ॅम आय ईव्हिल?'साठी चारही बँडमधले लोक एकत्र स्टेजवर आले, स्लेअरचा फक्त ड्रमर डेव्ह लोम्बार्डो. एवढ्या गर्दीत कोण कधी वाजवणार ते कुणाला ठाऊक? त्या क्षणी त्या खुर्चीत बसायला मला कुणी पैसे दिले तरी मी गेलो नसतो.

स्लेअरच्या 'स्टिल रेनिंग' या फिल्ममध्ये तर अजून वाईट. ११ जुलै २००४, मेन राज्यातलं ऑगस्टा. १९८६चा 'रेन इन ब्लड' हा अख्खा अल्बम, सगळा मिळून २९ मिनिटांचा, सलग वाजवला, आणि शेवटी छतावरून बँडवर लाल रक्त कोसळलं. नकली, पण कपडे, गिटार, स्टेज, सगळं लाल. त्याला रीटेक कुठून असणार. असं एकदाच घडणारं काही तुझ्या मित्रांच्या कार्यक्रमात असेल तर एक कॅमेरा फक्त रुंद शॉटवर ठेव आणि त्या माणसाला बजाव की काही झालं तरी झूम करायचा नाही.

उलट टोक म्हणजे मेटालिकाची २०१३ची फिल्म 'थ्रू द नेव्हर'. निमरोड आंतालनं दिग्दर्शित केलेली, ऑगस्ट २०१२मध्ये एडमंटन आणि व्हँकुव्हरला २४ कॅमेऱ्यांवर थ्रीडीत शूट केलेली. मध्ये एका पोऱ्याची गोष्ट घुसवलीय, ती मला कंटाळवाणी वाटली. पण मैफलीचा भाग मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मुद्दाम दाखवतो. थ्रीडीत खोली डोळ्यात बसायला वेळ लागतो, म्हणून शॉट लांब ठेवावेच लागतात. बघ तिथे हात किती वेळ दिसतात. २४ कॅमेरे हाताशी असताना.

तुझ्याकडे चार आहेत आणि ते पुरेत. मागच्या कॅमेऱ्याचं चित्र दोन फ्रेम उशिरा आण, २६० कटांचे ८०-९० कर, रुंद शॉट गायकाच्या उडीसाठी राखून ठेव, मागच्या कॅमेऱ्याचा आवाज मिसळ आणि मग परत पाठव. आणि हो, बासवाला. सात मिनिटांत तो एकूण चार सेकंद दिसतोय, त्यातले दोन सेकंद नुसतं पेडल. हे गाणं तो घरी आईला दाखवणार आहे. कुठेतरी त्याचा चेहरा टाक.